काळ्या मातीतल्या बुटक्या भिंतीचा पाया

बागेतली दोन फूट उंचीची भिंत बांधकामाच्या हिशेबात कोणाच्याच खिजगणतीत नसते. घराच्या पायासाठी मालक अभियंत्याचा सल्ला घेतो, खड्डे खणून माती पाहतो, लोखंडाचे वजन तपासतो. परंतु हिरवळीच्या कडेने किंवा फुलझाडांच्या वाफ्याभोवती बुटकी भिंत घालायची वेळ आली की सगळे काम गवंड्यावर सोपवून तो मोकळा होतो. मग वीतभर खोल चर, त्यात चार इंचांचे काँक्रीट आणि लगेच विटांचा पहिला थर, असा पाया एका दुपारीत उरकला जातो. कृष्णेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत हे करू नये, असे मी मिरजेत बागेचे काम काढणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते. या मातीत घरापेक्षाही बुटक्या भिंतीच्या पायाचा विचार अधिक बारकाईने करावा लागतो, आणि त्याचे कारण असे की घर जड असते व ही भिंत हलकी असते.

हे उलटे वाटेल म्हणून आधी हिशेब मांडते. नऊ इंच जाडीची आणि दोन फूट उंचीची वीटबांधणी घेतली तर दर धावत्या फुटाला तिचे वजन सुमारे ८० किलो भरते. जमिनीखाली आणखी फूटभर बांधकाम असेल तर त्याचे ४० किलो, आणि खाली दीड फूट रुंद व आठ इंच जाड काँक्रीटची पट्टी असेल तर तिचे ७० किलोंच्या आसपास. असे सगळे मिळून १९० किलो वजन दीड चौरस फुटांवर विसावते, म्हणजे चौरस मीटरला दीड टनही नाही. एवढा भार कोणतीही बऱ्यापैकी घट्ट चिकणमाती विनातक्रार पेलते, त्यामुळे भिंत खाली दबेल ही भीती निराधार असते. उलट ओली झालेली काळी माती वर उचलण्याचा जो दाब देते, तो चौरस मीटरला दहा टन आणि त्याहून पुष्कळ अधिकही मोजला गेलेला आहे. दुमजली घराचे वजन त्या दाबाला काही प्रमाणात तरी दाबून धरते, पण बागेच्या भिंतीत ती ताकद मुळीच नसते. म्हणून या भिंतीच्या पायाचे खरे काम वजन पेलण्याचे नसून खालची माती वर्षभर फुगत आणि आक्रसत असताना भिंत एका रेषेत ठेवण्याचे आहे. पुढे खोली, रुंदी, मुरूम, लोखंड आणि पाणी यांबद्दल जे काही लिहिले आहे, ते सारे या एका गोष्टीतून निघते.

दख्खनच्या काळ्या दगडाची झीज होऊन बनलेल्या आपल्या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज विपुल असते. त्याच्या कणांची रचना अतिशय पातळ पापुद्र्यांची असून त्या पापुद्र्यांच्या मधल्या फटींत पाणी शिरले की कण फुगतो आणि पाणी निघून गेले की आक्रसतो. एप्रिल-मेमध्ये शेतात ज्या भेगा पडतात, त्यांत काठी घातली तर ती हातभर सहज आत जाते. घराखालच्या जमिनीच्या मधल्या भागावर ऊन पडत नाही आणि पाऊसही पडत नाही, म्हणून तिथला ओलावा फारसा बदलत नाही. बदल होतो तो घराच्या कडांना. बागेच्या भिंतीला मात्र असा सुरक्षित मधला भाग नसतोच, कारण ती संपूर्ण लांबीभर दोन्ही बाजूंनी उघडी असते. त्यातच एका बाजूला गुलाबाचा रोज पाणी पिणारा वाफा आणि दुसऱ्या बाजूला कोरडी पायवाट अशी स्थिती बहुतेक बागांत आढळते. वाफ्याकडची माती फुगते, पायवाटेकडची तशीच राहते, आणि भिंत हळूहळू कोरड्या बाजूकडे कलते.

आम्ही घर घेतले तेव्हा परसात आधीच्या मालकांच्या काळातली अशीच एक भिंत होती. विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या भेगा, मधोमध वर आलेला भाग आणि पायवाटेकडे झुकलेला माथा, ही तिन्ही लक्षणे तिच्यात एकत्र होती. ती उतरवताना पायाची खोदाई मी मुद्दाम उभी राहून पाहिली. जमिनीखाली फूटभरावर काळ्या मातीवर वाळूचा एक थर पसरलेला होता, त्यावर चार इंचांचे काँक्रीट होते, लोखंड नव्हते, आणि भिंतीच्या संपूर्ण लांबीत एकही मोकळा सांधा ठेवलेला नव्हता. काँक्रीट स्वतः वाईट नव्हते. पहारीने फोडताना बिगाऱ्यांचा घाम निघाला. म्हणजे माल चांगला असूनही पाया निकामी ठरला होता.

आपल्या बागेची माती किती फुगते हे घरच्या घरी पाहता येते. दोन सारखे उभे काचेचे पेले घ्यावेत. पूर्ण वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली माती दोन्हींत सारखी, म्हणजे दोन-दोन चमचे घालावी. एका पेल्यात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल ओतून, ढवळून चोवीस तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, त्यामुळे तिथला थर मूळ आकारमान दाखवतो, आणि पाण्यातल्या थराची उंची त्याच्याशी ताडली की फुगण्याचे प्रमाण डोळ्यांसमोर येते. प्रयोगशाळेत मोजमापाच्या नळकांड्यांत दहा ग्रॅम माती घेऊन हीच चाचणी केली जाते. पाण्यातला थर रॉकेलमधल्या थराच्या दीडपट झाला तरी सावध व्हावे, आणि दुपटीच्या पुढे गेला तर वीतभर चराचा विचार मनातून काढून टाकावा.

त्यानंतर प्रश्न येतो खोलीचा. भिंतीच्या रेषेवर दोन-तीन ठिकाणी चाचणीखड्डे घ्यावेत. तीन-चार फुटांत पक्का मुरूम लागत असेल तर दुसरा विचार न करता तिथपर्यंत जावे आणि पाया त्यावरच बसवावा, कारण याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही. माझी बहीण रत्नागिरीकडे असते. तिच्याकडे जांभ्याच्या कातळावर चिऱ्यांचा गडगा जवळजवळ तसाच रचतात आणि तो पिढ्यान्पिढ्या हलत नाही. तिला माझी ही सगळी खटपट अतिरेकी वाटते, आणि तिच्या जमिनीपुरते तिचे म्हणणे बरोबर आहे. नदीकाठच्या आमच्या भागात मात्र काळी माती दहा-पंधरा फूटही खोल असू शकते. मोठ्या इमारतींसाठी अशा ठिकाणी तळाशी फुगीर कंद असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब, घेतात आणि खोल काळ्या मातीत ते किमान साडेतीन मीटर लांबीचे असावेत असा संकेत आहे, कारण ऋतूंप्रमाणे होणारा ओलाव्याचा बदल साधारण तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचतो. दोन फुटी भिंतीसाठी एवढा खर्च कोणी करणार नाही आणि करूही नये. तिथे मातीची अदलाबदल करणे हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

ही अदलाबदल कोणत्या मालाने करायची यावर मी थोडे विस्ताराने लिहिते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. आमच्याकडे काळ्या मातीवर वाळू पसरण्याची पद्धत जुनी आहे, आणि तिच्यामागचा तर्क असा की वाळू फुगत नाही, म्हणून ती मध्ये उशीसारखी राहील. पण काळ्या मातीत खणलेला चर म्हणजे पाणी न झिरपणारे लांबट भांडे असते. त्यात वाळू भरली की बागेचे पाणी वाळूतून सहज खाली उतरते, तळाशी साचून राहते आणि तिथल्या मातीला महिनोन्महिने भिजवत बसते. दगडांच्या सोलिंगचेही तसेच होते, कारण दगडांमधल्या पोकळ्या मुरमाने नीट भरल्या नाहीत तर त्या पाण्याच्या टाक्याच बनतात. इथे हवा तो न फुगणारा पण किंचित चिकट असा मुरूम, जो दबल्यावर पाण्याला सहज वाट देत नाही. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी १९७०च्या दशकात काळ्या मातीवर जे संशोधन केले, त्याचे सार हेच होते की चिकटपणा असलेल्या परंतु न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर वर दाबून बसवला तर खालच्या काळ्या मातीची फुगण्याची प्रवृत्ती मोठ्या प्रमाणात आवरली जाते. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांच्या अस्तराखाली असा थर देण्याची पद्धत त्यातून रूढ झाली. पाटबंधारे खात्यातल्या माझ्या नोकरीची काही वर्षे कालव्यांच्या कामांवर गेली, आणि मुरमाच्या थराचे महत्त्व मी तिथेच शिकले. कालव्याला हा थर मीटरभर जाडीचाही लागतो. बागेच्या भिंतीला मी दीड फूट धरते. त्याने हालचाल पूर्णपणे थांबत नाही, पण ती इतकी कमी आणि इतकी सारखी होते की पुढची काँक्रीटची पट्टी तिला तोंड देऊ शकते.

चाळीस फूट लांबीच्या भिंतीचे उदाहरण घेऊ, कारण आमच्या परसातली नवी भिंत तेवढीच आहे. चर तीन फूट रुंद आणि साडेतीन फूट खोल घेतला. तळाशी दीड फूट मुरूम, त्यावर तीन इंच पातळ काँक्रीटचा समतल थर, त्यावर आठ इंच जाड व दीड फूट रुंद मुख्य पट्टी, आणि मग जमिनीच्या पातळीपर्यंत फूटभराचे बांधकाम, अशी त्या खोलीची वाटणी होते. मुरमाचा थर पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच जास्त रुंद ठेवला आहे, आणि हा जादा भाग वाचवण्याचा मोह कोणी करू नये, कारण कडेने येणारी ओल पट्टीखाली पोहोचण्याआधी तिथेच अडवायची असते. मुरूम एकदम भरून वरून धुमस मारली तर खालचा भाग पोकळच राहतो. म्हणून सहा-सहा इंचांचे तीन थर करावेत, प्रत्येक थरावर बेताचे पाणी शिंपडावे आणि धुमसाचा ठसा उमटेनासा होईपर्यंत तो कुटावा. पाणी किती, याची गवंड्यांची खूण चांगली आहे. मूठभर मुरूम हातात दाबल्यावर त्याचा गोळा व्हावा, पण तळहात ओला होऊ नये. बाजूची भरणी धरून या कामाला चार ब्रासहून (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) थोडा अधिक मुरूम लागतो, आणि खरेदी करताना तो लाल-पिवळसर, कडक आणि काळ्या मातीचे ढेकूळ नसलेला आहे हे ट्रॉली रिकामी होण्याआधी पाहावे.

हे सगळे कोणत्या महिन्यात करावे हाही पायाच्या शास्त्राचाच भाग आहे. लोक मे महिन्यात काम काढतात, कारण शेतीची कामे थांबलेली असतात आणि बिगारी मिळतात. त्या वेळी माती पूर्ण आक्रसलेली असते आणि महिनाभरात पाऊस सुरू झाला की तिचे फुगणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारे नव्या पायाखालीच घडते. भर पावसात खणलेला चर उभा राहत नाही. म्हणून दिवाळीनंतरचे दोन महिने मला सगळ्यांत योग्य वाटतात, कारण त्या काळात माती ना पूर्ण फुगलेली असते ना पूर्ण वाळलेली, आणि हवा थंड असल्याने काँक्रीटही जपायला सोपे जाते.

आखणी फक्कीने करावी आणि काटकोन गवंड्याच्या गुण्यावर (काटकोनी पट्टीवर) न सोडता दोरीने तीन, चार व पाच फुटांचा त्रिकोण करून तपासावा, कारण लांब भिंतीत गुण्यातली थोडीशी चूकही टोकाला हातभर होते. पातळीसाठी पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरेशी आहे. भिंतीची रेषा ठरवताना मोठ्या झाडांपासून मात्र शक्य तेवढे दूर राहावे. कडुलिंब किंवा आंबा उन्हाळ्यात भोवतालच्या काळ्या मातीतले पाणी खोलवरून ओढून घेतो, आणि तेवढ्या टापूतली माती इतर ठिकाणांपेक्षा अधिक आक्रसते, त्यामुळे झाडाजवळचा भिंतीचा तुकडाच खचतो. मुळे तोडून रेषा सरळ ठेवण्यापेक्षा भिंतीला वळण द्यावे. बागेत ते शोभतेही.

आता लोखंडाविषयी. एवढ्या लहान भिंतीला लोखंड कशाला, हा प्रश्न मला हमखास विचारला जातो, आणि वजनाच्या दृष्टीने पाहिले तर तो रास्तच आहे. पण जमीन जेव्हा पट्टीच्या मध्यावर वर ढकलते तेव्हा पट्टीच्या वरच्या अंगाला ताण पडतो, आणि उन्हाळ्यात मध्याखालची माती बसली की तोच ताण खालच्या अंगाला येतो. साधे काँक्रीट दाब सोसते, ताण सोसत नाही. म्हणून लोखंड वर आणि खाली दोन्हीकडे हवे. केवळ खाली दोन सळया टाकून समाधान मानणे काळ्या मातीत अपुरे आहे. दहा मिलिमीटरच्या दोन सळया खाली, दोन वर आणि आठ मिलिमीटरच्या रिंगा आठ-आठ इंचांवर, एवढे मी पुरेसे मानते. सळईभोवती सगळीकडून किमान ५० मिलिमीटर काँक्रीट असावे, असे भारतीय मानक आयएस ४५६ पायांच्या बाबतीत सांगते, आणि तेवढे अंतर राखण्यासाठी सिमेंटचे कव्हर ब्लॉकच वापरावेत. विटेचा तुकडा खाली सरकवला तर तो पाणी शोषून सळईपर्यंत पोहोचवतो.

चाळीस फुटांची पट्टी सलग ठेवू नये. मी तिचे तीन भाग केले आणि दोन भागांच्या मध्ये अर्ध्या इंचाचा थर्माकोलचा पत्रा पट्टीच्या तळापासून भिंतीच्या माथ्यापर्यंत उभा ठेवला. भेग पडायचीच असेल तर ती आपण नेमून दिलेल्या जागी पडावी, विटांमधून वाट काढत जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू आहे. शेजारचे भाग एकमेकांपेक्षा वर-खाली होऊ नयेत म्हणून सांध्यातून बारा मिलिमीटरचे दोन गुळगुळीत गज आडवे घातले आणि त्यांच्या एका बाजूला ग्रीस लावले, म्हणजे ते लांबीच्या दिशेने सरकू शकतात पण उभ्या दिशेने नाही. या विभागणीचा आणखी एक फायदा असा की सळई १२ मीटर लांबीची येते, तिचे सारखे तीन तुकडे केले की ते या भागांत नेमके बसतात आणि कुठेही जोड द्यावा लागत नाही.

लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी एम २० हा किमान दर्जा मानला जातो, म्हणजे नेहमीच्या प्रमाणात एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग २० मिलिमीटरची खडी. चाळीस फुटांच्या मुख्य पट्टीचे आकारमान ४० घनफूट होते, आणि त्याला सिमेंटच्या नऊ गोण्या, १७ घनफूट वाळू आणि ३४ घनफूट खडी लागते. हे प्रमाण घमेल्याने मोजू नये, कारण प्रत्येक बिगाऱ्याचे घमेले वेगळ्या उंचीचे भरते. आतून एक फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच असा लाकडी फरमा करून घ्यावा, कारण त्यात ५० किलोच्या एका गोणीइतके म्हणजे साधारण ३५ लिटर आकारमान मावते. मग एका गोणीला दीड फरमा वाळू आणि तीन फरमे खडी असा हिशेब बिगाऱ्यांनाही तोंडपाठ होतो. वाळू ओलसर असेल तर ती फुगून जास्त जागा व्यापते, कधी कधी पाव भागापर्यंत, त्यामुळे ओल्या वाळूचा फरमा शिगोशीग भरावा लागतो. नदीच्या वाळूऐवजी हल्ली क्रश सँडच, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, बहुधा मिळते. ती वापरायला हरकत नाही, पण धुतलेली घ्यावी. मुठीत घेऊन चोळल्यावर हातावर पिठासारखी भुकटी राहिली तर तो ढीग परत पाठवावा.

पाण्याच्या प्रमाणावर मी जरा हट्टी आहे. एम २० साठी एका गोणीला जास्तीत जास्त ३० लिटर पाणी, आणि त्यातही वाळूत मुळात असलेले पाणी वजा करायचे. दीड फरमा ओलसर वाळूत तीनेक लिटर पाणी सहज असते. एवढ्या पाण्यात माल घट्टसर वाटतो आणि फावड्याने ओढायला जड जातो, म्हणून बादलीभर जादा पाणी ओतण्याकडे कामगारांचा कल असतो. डफ एब्रॅम्स या अमेरिकी संशोधकाने १९१८ मध्येच दाखवून दिले होते की काँक्रीटची ताकद पाणी आणि सिमेंट यांच्या गुणोत्तरावर ठरते. पाणी वाढले की ताकद उतरते, आणि जादा पाणी वाळून गेल्यावर ज्या सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यांतूनच पुढे ओल आणि क्षार आत शिरतात. मिक्सर चालवणाऱ्याजवळ खुणा केलेली बादली ठेवावी आणि ती सोडून दुसरे भांडे तिथे दिसू देऊ नये.

ते पाणी कुठले, हाही प्रश्न आमच्या भागात गंभीर आहे. मिरज, वाळवा आणि पलूस तालुक्यांत उसाला वर्षानुवर्षे अमाप पाणी दिल्याने जमिनी क्षारपड झाल्या आहेत, आणि तिथल्या अनेक विहिरी-बोअरचे पाणी मचूळ लागते. लोखंड नसलेल्या काँक्रीटला पाण्यातले क्लोराइड लिटरमागे २००० मिलिग्रॅमपर्यंत चालते, परंतु लोखंड असेल तर हीच मर्यादा ५०० वर येते. कारण क्लोराइड सळईला गंज आणते आणि गंज फुगून आतून काँक्रीट फोडतो. जे पाणी आपण पिणार नाही ते पायात घालू नये, हा साधा नियम मी पाळते. नळाचे पाणी पिंपात भरून ठेवले की एका दिवसाचे काम भागते. अशा जमिनीत पीपीसी, म्हणजे राख मिसळलेले सिमेंट घेणेही श्रेयस्कर, कारण त्यातील राखेमुळे काँक्रीट अधिक घट्ट होते आणि सल्फेटला चांगले तोंड देते.

प्रत्यक्ष काँक्रीट ओतण्याचे काम त्यामानाने थोडक्यात होते. खालचा समतल थर आदल्या दिवशी झालेला असावा आणि ओतण्याआधी तो शिंपडून ओला करावा, पण त्यावर पाणी साचू देऊ नये. पट्टीच्या दोन्ही बाजूंना फळ्या लावाव्यात. चराच्या मातीलाच साचा मानून ओतले तर कडा वेड्यावाकड्या होतात आणि मातीचे ढेकूळ काँक्रीटमध्ये पडतात. एक भाग एकाच दमात पूर्ण करावा आणि थांबायचे असेल तर थर्माकोलच्या सांध्याशीच थांबावे. लहान सुईचा व्हायब्रेटर भाड्याने मिळतो, तो दर फूट-दीड फुटावर उभा बुडवून हवेचे बुडबुडे थांबले की सावकाश वर काढावा, आणि सळईला टेकवू नये. तो मिळाला नाही तर सोळा मिलिमीटरच्या सळईने सर्वत्र भोसकत जावे. वरचा पृष्ठभाग थापीने सपाट करावा पण घोटून गुळगुळीत करू नये, कारण बांधकामाच्या पहिल्या थराला तिथे पकड लागते.

पाणी मारण्याच्या बाबतीत काळी माती पुन्हा आडवी येते. काँक्रीटला ओल हवी, पीपीसी सिमेंट असेल तर किमान दहा दिवस. आणि नेहमीची सवय अशी की चरात नळी सोडून तो तुडुंब भरायचा. असे केले तर ज्या मातीला कोरडे ठेवण्यासाठी एवढा खटाटोप केला, तिलाच आपण सुरुवातीला भिजवून फुगवतो, तेही पट्टीवर अजून भिंतीचे वजन नसताना. म्हणून पट्टीवर आणि फळ्या काढल्यावर तिच्या बाजूंवर बारदान पांघरावे, ते झारीने दिवसातून तीन-चारदा भिजवावे आणि वरून प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. त्याने ओल काँक्रीटमध्ये टिकते आणि चर कोरडा राहतो. थंडीच्या दिवसांत याला फार श्रम पडत नाहीत. मेमध्ये हेच काम दिवसभर एक माणूस अडकवून ठेवते.

आठवडाभराने बांधकाम सुरू करायला हरकत नाही. जमिनीखालच्या फूटभरासाठी मी घडीव काळा दगड वापरते, कारण क्षारपड मातीत कच्च्या भाजणीच्या विटेला लोणा लागतो आणि ती पापुद्रे सुटून झिजते. जमिनीच्या किंचित वर ओल अडवणारा सिमेंटचा थर द्यावा आणि त्यापुढे विटा लावाव्यात. थर्माकोलचा सांधा प्रत्येक थरात मोकळा राहतो आहे याकडे लक्ष ठेवावे लागते, कारण सांध्यावर सांधा येऊ न देण्याच्या, म्हणजे सांधेमोडीच्या, सवयीने गवंडी त्यावरून वीट नेतो. भिंतीमागे उंच वाफा असेल तर जमिनीलगत दर चार-पाच फुटांवर दोन इंची नळीचे तुकडे आरपार ठेवावेत, म्हणजे वाफ्यात तुंबलेले पाणी भिंतीला ढकलत बसणार नाही.

चराच्या दोन्ही बाजूंची भरणी खणलेल्या काळ्या मातीने करू नये. ती तिथेच ढीग लावून पडलेली असते आणि मुरूम विकत आणावा लागतो, त्यामुळे इथे हात आखडतो; पण काळी माती परत भरली तर ती फुगून पट्टीला बाजूने रेटते आणि वाळली की पट्टीच्या कडेने भेग सोडते, जिच्यातून पहिल्या पावसाचे पाणी थेट पायाखाली उतरते. बाजूलाही मुरूमच कुटून भरावा, आणि जमिनीचा उतार भिंतीपासून दूर, फुटाला अर्धा इंच तरी, असा काढावा. वाफ्यातली ठिबकची नळी भिंतीपासून दोन फूट लांब ठेवली की दोन्ही बाजूंच्या ओलाव्यातला फरक कमी राहतो.

फाटकाचे खांब या भिंतीला जोडू नयेत, हे शेवटी सांगते. खांब जड असतो, त्यावर फाटकाचा झोक येतो आणि त्याचा पाया वेगळ्या खोलीवर जातो, त्यामुळे तो भिंतीबरोबर हलत नाही. दोन्हींमध्ये तळापासून माथ्यापर्यंत तोच अर्ध्या इंचाचा मोकळा सांधा ठेवावा, आणि खांबासाठी स्वतंत्र, अधिक खोल खड्डा घेऊन त्याचा हिशेब स्वतंत्रपणे करावा.